मालडोंगरीची भरती-ओहोटी: प्रकल्पाच्या नोंदी

२७ जून

कामाची आखणी आज कागदावर उतरवली. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तलावातलं मालडोंगरी बेट एका ठरलेल्या जागेवरून पुढचा पावसाळा येईस्तोवर टिपत राहायचं. जागा तीच, लेन्स तीच, कॅमेऱ्याची उंची तीच. जोडीला झाडीपट्टीतली, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, बाकीची बेटं जमतील तशी: इटियाडोहच्या जलाशयात उन्हाळ्यात उघडे पडणारे माथे, धानाच्या बांधीतलं (भातखाचरातलं) सारसाचं घरटं, वैनगंगेच्या पात्रात वर येणारी रेतीची बेटं.

बेटांचं छायाचित्रण म्हटलं की अटलांटिकमधली फॅरो बेटं, नॉर्वेची लोफोटेन, नाहीतर आपलं अंदमान, हेच समोर येतं. ती छायाचित्रं मी तासन्‌तास बघितली आहेत आणि त्यांतून शिकलोही. पण समुद्रातल्या बहुतेक बेटांना दिवसातून दोनदा भरती येते, मालडोंगरीला वर्षातून एकदा. मृगापासून हस्तापर्यंत पाणी चढतं आणि मग पुढच्या मृगापर्यंत उतरत जातं. ही एक भरती-ओहोटी मला पूर्ण पकडायची आहे.

ही भरती माणसांनी बांधलेली आहे, हे चित्रातून कळायला हवं. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पाळ (बांध) घातली, सातबहिणीच्या डोंगरांमधलं पाणी अडवलं, आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव झाला. लोकांनी त्यांना पुढे कोलासूर देव मानलं. तलावाजवळ त्यांचं ठाणं आहे. पाळ नसती तर मालडोंगरी ही शेजारच्या डोंगरांसारखीच एक टेकडी राहिली असती. रानातलं एवढं सुंदर बेट तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या मेहनतीतून आलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

३ जुलै

जागा ठरली. बेट इथून जवळपास नेमकं पूर्वेला येतं, मागे डोंगरांची रांग, डावीकडे पाणथळ. काठावर एक जुनं मोहाचं झाड आहे. डोंगा चालवणाऱ्या काकाजींना विचारलं, "काकाजी, तलाव भरला की पाणी कुठवर येते?"

"ह्या मोहाच्या मुळ्या भिजतात गा. तू त्याच्या वरतं बस. नाही तं आगस्टात तुहा गोटा पान्याखाली जाते."

म्हणून मोहाच्या वर, जमिनीत पक्का रुतलेला एक सपाट दगड निवडला. त्यावर छिन्नीनं छोटी फुली मारली. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला ओळंबा लावायचा, तो फुलीवर आला की जागा बरोबर. कॅमेऱ्याची उंची १४० सेंटिमीटर. फोकल लेंग्थ ५० मिलिमीटर, झूमच्या कड्याला टेप चिकटवून टाकली.

ओळंब्यापेक्षा नेमकी खूण मात्र दृश्यातच सापडली. जवळच्या बाभळीचा एक दुभंगलेला फाटा मागच्या डोंगराच्या खाचेत बरोबर बसतो. मी हातभर जरी डावी-उजवीकडे सरकलो तरी फाटा खाचेतून बाहेर जातो. जवळची वस्तू आणि दूरची वस्तू एका रेषेत धरली की वर्षभरानंतरही तीच जागा शोधता येते. जुन्या छायाचित्रांची जागा पुन्हा शोधून काढणारे लोक हाच उपाय वापरतात. बाभूळ कोणी तोडू नये, एवढीच काळजी.

पाण्याची पातळी मोजायला गवंड्याकडून लेव्हल पाईप आणला. मोहाच्या मुळीवर एक टोक, पाण्याच्या काठाजवळ उभ्या बांबूवर दुसरं. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं, मग बांबूवरून खाली मोजायचं. आज पाणी मुळीपासून सात हात खाली.

२१ जुलै

रोवणी जोरात. रस्त्यानं येताना बांध्यांमध्ये बाया ओळीनं वाकलेल्या, पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) जुड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. तलावात गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी. आकाश सपाट, पांढुरकं, बेटाला कडाच नाही. तरी चौकट घेतली. अशा दिवसाचं छायाचित्र सुंदर येत नाही, पण चढत्या पाण्याचा रंग नोंदायचा तर हाच दिवस लागतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर कायमचा ठेवला आहे. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा प्रत्येक दिवसाचा रंग सारखा करून टाकेल आणि गढूळपणा निघून जाईल.

दमट हवेत लेन्समध्ये बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवतो आहे.

११ ऑगस्ट

आज बेटाकडे पाठ करून दिवस गेला, आणि तो सार्थकी लागला.

डावीकडच्या पाणथळीत कमळपक्ष्याचं घरटं आहे. लांब शेपटीचा, मानेमागे सोनेरी पट्टा असलेला. घरटं म्हणजे पाणवनस्पतींची तरंगती चवड, जेमतेम हाताच्या पंजाएवढी. त्यावर चार अंडी, टोकाकडे निमुळती, घासलेल्या पितळी भांड्यासारखी चकाकणारी. धानाची पिशवी भरून काठावर आडवी टाकली, त्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स टेकवली आणि पोटावर पडून राहिलो. रेतीपेक्षा धान बरं. लेन्सभोवती नीट बसतं आणि ओलं झालं तरी वाळवता येतं.

अंड्यांवर बसलेला पक्षी नर. या जातीत मादी एका नरासाठी अंडी घालून दुसऱ्याकडे निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नर करतो. बसण्याआधी तो पंख किंचित पसरतो, चोचीनं एकेक अंडं छातीखाली ओढतो आणि पंखांच्या कडांनी त्यांना आतून आधार देतो. अंडी ओल्या चवडीला पूर्ण टेकतच नाहीत. पाणी चढलं, घरटं बुडायला लागलं, तर तो अंडी ढकलत-ओढत दुसऱ्या चवडीवर नेऊ शकतो. दुपारी सर आली. थेंब पाठीवर आपटत होते, आणि तो तसाच बसून होता. फक्त दर काही वेळानं मान हलवून पाणी झटकायचा.

मालडोंगरीसोबत हेही बेटच. हे पातळीबरोबर वर उचललं जातं, ते जागेवर राहून लहान होतं. प्रदर्शनात दोन्ही शेजारी लागली पाहिजेत.

२४ ऑगस्ट

गोंदिया तालुक्यात, वैनगंगेच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही.

बांधीच्या मधोमध सारसाचं घरटं. धानाची पानं, गवत, लव्हाळा उपटून केलेला ढीग, दोन मीटरभर रुंद, चहूबाजूंनी पाणी. वर दोन अंडी. नर-मादी पाळीनं बसतात, महिनाभर. उभा राहिला की पक्षी माणसाएवढा दिसतो, बसला की धानात दिसेनासा होतो. घरट्याच्या जागेतलं धान या शेतकऱ्यानं गेलंच समजलं आहे, आणि तो ते कोणालाही सांगत बसत नाही. त्याच्या घरच्यांनी मला एकच अट घातली: "धुऱ्याच्या खाली उतराचं नाही." मी सडकेवरूनच काम केलं.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत, तेही थोडके. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली स्वतःहून याची दखल घेतली. विजेच्या तारा, धानावरची औषधं, बुजत चाललेल्या पाणथळ जागा ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. छायाचित्रकारही त्यांत भर घालू शकतो. घरट्यावरून पक्षी उठला की कावळ्याला मोकळं रान. म्हणून ४०० मिलिमीटरनंही सारस चौकटीत लहानच आला आणि मी तो तसाच ठेवला. खाली पाण्यानं भरलेल्या बांध्या, वर आभाळ, मधे एक लाल मान. पक्षी मोठा करून घेतला असता तर तो कुठल्याही प्राणिसंग्रहालयातला वाटला असता.

घरी येऊन फायलींमधली जागेची माहिती काढून टाकली. छायाचित्र फिरतं, आणि त्याच्यासोबत पत्ताही फिरतो.

३ सप्टेंबर

मोहाच्या मुळ्या भिजल्या. काकाजी म्हणाले तसंच. बेटाचं खालचं झुडूप पाण्यात, वर नुसता हिरवा घुमट. सांडव्यावरून पाणी चाललं आहे.

२३ सप्टेंबर

आज सूर्य नेमका पूर्वेला, म्हणजे माझ्या बेटाच्या मागून उगवला. जूनमध्ये तो इथं सुमारे ६५ अंशांवर उगवतो, डिसेंबरच्या शेवटी ११५ अंशांवर. पन्नास अंशांचा हा प्रवास डोंगररांगेवर डावीकडून उजवीकडे बघता येतो. बेटामागून सूर्य वर्षातून दोनदाच: आता आणि मार्चमध्ये. सप्टेंबरातल्या बहुतेक सकाळी ढगांत जातात, म्हणून आज आभाळ फाटलं तेव्हा हात थरथरले.

समोरून प्रकाश असल्यामुळे बेट काळं पडलं. दोन एक्स्पोजर घेऊन जोडता आले असते. जोडले नाहीत. काळ्या बेटाभोवती पाण्याची कडा उजळते, आणि मला हवी आहे ती कडाच.

१६ नोव्हेंबर

मधला महिना घाईत गेला. धानाला शेवटचं पाणी नहरानं सुटलं, तशी पातळी भराभर उतरली. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू. रात्री दंडारी (इथली लोकनाट्यं), नाटकं, पहाटे बांध्यांमध्ये कापणी. माणसं झोपतात कधी, हाच प्रश्न. कापलेल्या धानाची पुंजणी (रास) उभी राहायला लागली आहेत.

आज पाणी मुळीपासून तीन हात खाली, स्वच्छ, हिरवट. जुलैअखेरीला चढताना याच पातळीला ते चहाच्या रंगाचं होतं. दोन्ही चौकटी संगणकावर शेजारी ठेवल्या. बेटाची पाण्याजवळची रेघ दगडा-दगडाशी जुळते, आणि बाकी सगळं वेगळं: गढूळ-स्वच्छ, कोवळं-जून, ढग-निरभ्र, आणि नोव्हेंबरच्या चौकटीत डावीकडे बदकांची पहिली ओळ. संध्याकाळभर त्या दोन चित्रांपुढून उठलो नाही.

२९ डिसेंबर

धुकं. सगळ्या वर्षातला सर्वांत देखणा आठवडा हाच, यात मला शंका नाही. हवा थंड, पाणी त्यामानानं ऊबदार; पहाटे तलावावर वाफ धरते आणि बेट खालून सुटल्यासारखं वर तरंगतं. सूर्य आता उजवीकडून येतो, त्यामुळे झाडांना बाजूचा प्रकाश. साजाच्या खोडावरचे मगरीच्या पाठीसारखे चौकोन काठावरूनसुद्धा मोजता येतील इतके उठून दिसतात.

दहा स्टॉपचा, म्हणजे प्रकाश हजारपट कमी करणारा फिल्टर लावून पाणी काचेसारखं करायचा मोह झाला. एक तीसांश सेकंदाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटावर जातं आणि सगळ्या लाटा पुसल्या जातात. लोफोटेनच्या चित्रांत ते शोभतं. इथं मला ती युक्ती खोटी वाटते. वाऱ्याची शिरशिरी, मासा उसळल्याचं वर्तुळ, डोंग्याची रेघ पुसून टाकली तर हा तलाव रिकामा दिसेल, आणि तो कधीच रिकामा नसतो. आजच्या चौकटीत काकाजींचा डोंगा आहे. जाळं ओढताना वाकलेले, बेटाच्या डावीकडे, ठिपक्याएवढे.

१९ जानेवारी

पट्टकादंब आले आहेत. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, हिमालय ओलांडून येणारे. काठावरच्या गवतात चरत होते. सोबत तलवार बदक, चक्रवाक, आपल्याकडच्या अडया.

काकाजींना विचारलं, पूर्वी किती असायचे? "आमी लहान होतो तवा बेटाच्या मांगचं पानी दिसत नव्हतं, एवढे. आता मोजाले बसलं तं मोजून होतात."

परतताना गोठणगाव बाजूला गेलो. इटियाडोह धरण जवळच, गाढवी नदीवरचं. तिथं १९७०च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हे कादंब तिबेटच्या पठारावरच्या तलावांमध्ये घरटी करतात, आणि तीही बऱ्याचदा बेटांवर, कोल्ह्या-लांडग्यांपासून लांब. चहाच्या दुकानात वसाहतीतल्या एका आजींना कॅमेऱ्याच्या पडद्यावर पक्षी दाखवला. त्यांनी बोटानं डोक्यावरच्या दोन पट्ट्या दाखवल्या आणि मान डोलावली. पुढं आम्ही बराच वेळ चहाच घेत बसलो.

ड्रोननं बेट वरून घे, असं दोघा-तिघांनी सुचवलं. २०१३ पासून हा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे, परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. परवानगी मिळाली तरी मी उडवणार नाही. चरणारे कादंब एकदा उठले की त्यांची सकाळ गेली. शिवाय वरून पाण्याची पातळी कळत नाही. ती काठावर उभं राहूनच कळते.

१४ मार्च

होळी. पळस भगवा, कुसुमाची कोवळी पालवी लाल, मोह गळायला लागला. माझ्या दगडाजवळ पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया असतात. ट्रायपॉडभोवतीची फुलं वेचायची राहू नयेत म्हणून मी आता दगडावर उशिरा येतो. लग्नसराईची कामंही अंगावर आहेत, स्टुडिओतून सुटका नाही.

पाणी पाच हात खाली.

१७ एप्रिल

वैनगंगा, वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधे. पहाटे साडेपाचला पात्रात उतरलो. नदी दोन-तीन धारांत वाटली गेली आहे आणि मधे रेतीची लांब बेटं. कडेला टरबुजाच्या वाड्या.

नदी टिटवीची जोडी एका बेटावर होती. अंडी उघड्या रेतीत, नुसत्या खळग्यात, रेतीच्याच रंगाची. इथं ऊन ४५ अंशांपलीकडे जातं, रेती त्याहून तापते. पक्षी अंड्यांवर सावली धरून उभा राहतो, आणि पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवतो. माणूस जवळ बसून राहिला तर पक्षी परत येत नाही आणि अंडी उन्हात भाजतात. म्हणून धारेच्या अलीकडूनच, सात वाजेपर्यंत जे मिळेल ते घेतलं आणि निघालो.

मालडोंगरी दगडाची आहे, ही बेटं दरवर्षी नव्यानं होतात आणि जुलैत वाहून जातात. तोपर्यंत तरी त्यांना धड राहू द्यावं. वर गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं की पातळी चढते, आणि अंडी किती वितींवर आहेत यावर सगळं ठरतं. रेती उपसणारे ट्रॅक्टर थेट बेटावर चढतात. चाकोऱ्यांचं छायाचित्र घेतलं: दोन खोल चर, त्यांच्यामधे टिटवीच्या पावलांची बारीक नक्षी. तेही भिंतीवर लागेल. सुंदर चित्रांमध्ये ते टोचेल, आणि टोचायलाच हवं.

२५ मे

तेंदूपत्त्याचा हंगाम ओसरला. या दिवसांत दुपारी सूर्य इथं थेट डोक्यावर येतो, बांबूची सावली त्याच्याच बुडाशी गोळा होते. आठनंतर लांब लेन्स निरुपयोगी. तापलेली हवा हलते आणि बेट पाण्यासारखं थरथरतं. काम सूर्योदयानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासातच.

पाणी साडेसात हात खाली, यंदाचं सर्वांत कमी. काकाजींनी डोंग्यातून बेटाच्या बाजूनं नेलं, आम्ही उतरलो नाही. दगडांवर पाण्यानं थांबत थांबत सोडलेल्या रेघा आहेत, एकाखाली एक. वरच्या जुन्या, फिकट. खालच्या अजून हिरवट. एका रेघेत गोगलगायींचे रिकामे शंख चिकटलेले, एकीत वाळलेल्या पाणवनस्पतींचा कागदासारखा थर. मी वर्षभर बांबूनं मोजलं ते सगळं दगडानं आधीच लिहून ठेवलं होतं. पोलरायझर लावून पाण्याखालचे दगडही घेतले. पाण्यावरची चमक सर्वांत जास्त कापायची तर पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांनी खाली बघावं लागतं, डोंग्यात बसून तो कोन आपोआप मिळतो.

"हे गोटे काहून घेत हायेस? बेट तं वरतं हाये," काकाजी म्हणाले. मी पडद्यावर रेघा दाखवल्या. त्यांनी बोट ठेवून सांगितलं, ही दिवाळीची, ही संक्रांतीची, ही नहर बंद केला तेव्हाची. मी वहीतल्या तारखांशी ताडून पाहिलं. जुळलं.

१३ जून

चौकटी निवडल्या. गावच्या शाळेच्या व्हरांड्याची भिंत मुख्याध्यापकांनी दिली आहे.

आधी महिन्यांच्या क्रमानं लावणार होतो. आता पातळीच्या क्रमानं लावतो आहे: सर्वांत वर भरलेला तलाव, सर्वांत खाली मेचा. प्रत्येक पातळीला डावीकडे चढतं पाणी, उजवीकडे उतरतं. जुलैअखेर-नोव्हेंबर शेजारी येतात, तसे जुलैची सुरुवात आणि मेची सुरुवात. भरलेल्या तलावाची चौकट एकटीच राहते, तिला जोडी नाही. कमळपक्षी, सारस, टिटवी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या बाजूच्या भिंतीवर, एका रांगेत. कोलू पाटलांची पाळ आणि नहराचं गेट दाराच्या वर, आत येताना पहिल्यांदा तेच दिसावं म्हणून.

प्रत्येक चित्राखाली तारीख आणि मोहाच्या मुळीपासून पाणी किती हात खाली, एवढंच लिहायचं. मुलांना तो मोह माहीत आहे. लेव्हल पाईप आणि बांबू शाळेलाच देतो आहे, सातवीचे विद्यार्थी पुढचं मोजमाप घेणार. दगडावरची फुली आणि बाभळीचा फाटा त्यांना दाखवून झाला.

प्रिंट मॅट कागदावर काढायला सांगितले. व्हरांड्यात दुपारी ऊन येतं, चकचकीत कागदावर काही दिसणार नाही. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, त्याआधी खिळे ठोकून व्हायला हवेत. भिंत जुनी आहे, मातीची. गवंड्याला सोमवारी बोलावलं आहे.